लोकलच्या तिकिटात नवी मुंबई

हा भाग ऐकायचा राहून गेला असेल, किंवा "ताई, तू फार भरभर बोलतेस" असं म्हणणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर हे त्याचं लिखित रूप. अडखळणं आणि खोकणं तेवढं गाळलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात एका फोटोपासून करते. फोटो क्वालालंपूरचा आहे. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना मलेशियाला जायला व्हिसा लागत नाही म्हटल्यावर मी आणि माझी मैत्रीण कमीत कमी पैशात तिकडे जाऊन आलो. आठ जणींच्या खोलीतला वरचा पलंग, दिवसभर पायपीट आणि जेवण रस्त्यावर. दोनच दिवसांत एक गोष्ट कळली. त्या झगमगाटी शहरात पोटभर आणि स्वस्त खायचं असेल तर कांपुंग बारूला जायचं. कांपुंग म्हणजे गाव. १९०० च्या सुमारास इंग्रज राजवटीत मलय शेतकऱ्यांना वसवण्यासाठी ही जागा राखून ठेवली. शहर वाढत वाढत तिच्या चारही बाजूंनी गेलं. आज तिथून हाकेच्या अंतरावर ४५२ मीटर उंचीचे पेट्रोनासचे जुळे मनोरे आहेत. सरकारने कितीदा तरी तिथे नवी वस्ती करायच्या योजना आणल्या. पण जमीन पिढ्यान् पिढ्या वाटली गेलेली, एकेका तुकड्याला ढिगाने वारस, सगळ्यांची एकदम सही होणार कशी? म्हणून गाव अजून आहे. माझ्या फोटोत मागे काचेचे मनोरे, पुढे लाकडी घर आणि त्याच्या ओट्यावर वाळत घातलेले कपडे.

घरी आल्यावर आईला फोटो दाखवला. तिने चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाली, "अगं, हे आपल्या दारावेसारखंच की!"

आम्ही नेरुळचे. बाबांना ऐंशीच्या दशकात सिडकोची छोटी खोली लागली, तेव्हापासूनचे. शाळा, कॉलेज, पहिली नोकरी सगळं इथलंच. आणि तरी आईच्या त्या वाक्यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं, कारण दारावे गावात मी आयुष्यात चार-पाच वेळा गेले असेन. क्वालालंपूरचं गाव मी हौसेने पाहून आले आणि घरापासून दहा मिनिटांवरचं राहिलंच. मग ठरवलं, एक दिवस आपलंच शहर परक्यासारखं पाहायचं. पाठीला पिशवी, लोकल, बस आणि पाय. रिक्षा नाही. हा भाग त्या दिवसाबद्दल आहे आणि त्या दिवशी जो इतिहास पायाखाली आला त्याबद्दल.

नवी मुंबई पाहायची तर नव्या माणसाने सीएसएमटीवरून हार्बरची पनवेल लोकल पकडावी. मी पण मुद्दाम तिथूनच सुरुवात केली. मानखुर्द सुटलं की दाट वस्ती संपते, तिवरं लागतात आणि गाडी खाडीवर येते. वारा एकदम बदलतो. या पाण्यानेच मुंबईला कित्येक वर्षं अडवून धरलं होतं. मुंबई ही उत्तर-दक्षिण लांबुळकी पट्टी. कामं दक्षिण टोकाला, घरं उत्तरेला, आणि रोज सकाळी सगळे एकाच दिशेला धावतात. १९६५ च्या जून महिन्यात 'मार्ग' या नियतकालिकाचा एक अंक मुंबईच्या नियोजनावर निघाला. त्यात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी म्हटलं की शहर उत्तरेला ताणण्यापेक्षा पूर्वेला, खाडीपलीकडे न्या. कोरिया आणि मेहता वास्तुरचनाकार, पटेल स्थापत्य अभियंता. केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल पटेलांचाच. तिघंही तेव्हा सरकारचे कुणी नव्हते, हे मला फार आवडतं. पण सरकारने मनावर घेतलं. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार झाले आणि नियोजनाचं काम पटेलांकडे आलं.

त्यांच्या कल्पनेचा गाभा सोपा होता. सरकारकडे शहर बांधायला पैसा नाही. पण पलीकडची जमीन आज शेतीची आहे, स्वस्त आहे. ती आधीच घ्या, रस्ते-पाणी द्या, भाव वाढला की भूखंड विका आणि त्या पैशातून पुढचे रस्ते, पुढचं पाणी. जमीन हेच भांडवल. कागदावर याहून सुंदर काही असू शकत नाही. फक्त त्या जमिनीवर आधीपासून कुणीतरी होतं. त्यांच्याकडे येतेच.

आधी गाडीबद्दल. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ मध्ये झाला, मोटारींसाठी. रेल्वे कधी आली? ९ मे १९९२. एकोणीस वर्षं! ज्यांच्याकडे गाडी आहे ते यायला मोकळे आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी बसची वाट बघत बसायचं. आई सांगते, बाबा सकाळी बसने मानखुर्द गाठायचे, तिथून लोकल, आणि घरी यायला रात्रीचे नऊ. गंमत म्हणजे मूळ आराखड्याचा सगळा भर सार्वजनिक वाहतुकीवर होता. वस्त्या एका ओळीत, माळेतल्या मण्यांसारख्या, म्हणजे एकाच मार्गावरून सगळ्यांना स्वस्तात जाता येईल. मणी ओवायचा दोराच वीस वर्षं आला नाही. दुसरी अपेक्षा अशी होती की राज्य सरकार स्वतः बेलापूरला येईल, मंत्रालयासकट. ते कधीच आलं नाही. कोकण भवन आलं, काही कार्यालयं आली, पण त्याच सुमारास तिकडे नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून उंच इमारती उठत राहिल्या. आणि हे ऐका, खुद्द सिडकोचं नोंदणीकृत कार्यालयही नरिमन पॉइंटच्या 'निर्मल' इमारतीत!

रेल्वेचा खर्च भागवताना दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला. देशात लोकल रेल्वेसाठी असं आधी फारसं झालेलं नव्हतं, म्हणून याचं कौतुक होतं आणि ते योग्यही आहे. पण सिडकोकडे पैसा आला कुठून? जमिनीच्या विक्रीतून. म्हणजे आज मी सीएसएमटीहून बेलापूरला जाऊन परत येते आणि शंभराची नोटही मोडून संपत नाही, त्यातला काही भाग कुणाच्या तरी भातखाचराने आधीच भरलेला आहे. हे मला त्या दिवशी डब्यात उभी असताना सुचलं आणि मग दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

वाशीला मी उतरले नाही. मॉल पाहायला कुठल्याही शहरात जाता येतं. (वाशीकर श्रोते रागावतील. रागवा. एपीएमसीच्या बाजारांवर आपण वेगळा भाग करू, तो विषय एवढा मोठा आहे.) सीवूड्सला उतरले.

या स्टेशनाचं नाव बघा: सीवूड्स-दारावे. एक नाव इंग्रजी, समुद्र आणि झाडांची स्वप्नं विकणारं. दुसरं गावाचं. सिडकोने निदान मोठ्या वस्त्यांना गावांचीच नावं ठेवली. वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, नेरुळ, बेलापूर ही सगळी जुनी गावं. पण आत गेलं की सगळं सेक्टर. आम्ही मुलं पत्ता सांगताना सेक्टरच सांगायचो. शिरवणे, सारसोळे, करावे ही गावं आपल्या सेक्टरच्या शेजारी नाहीत, सेक्टरच त्यांच्या शेतावर आहे, हे कुणी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

माझ्या वर्गात दारावेची एक मुलगी होती. तिला आम्ही 'गाववाली' म्हणायचो. तिचं बोलणं आगरी वळणाचं, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. सुकटीच्या वासावरून काय काय बोललो असू, आता आठवलं तरी खाली बघावंसं वाटतं. एकदा तिचे आजोबा तिला न्यायला आले होते. शाळेच्या मैदानाच्या कडेला उभे राहून म्हणाले, "हितं आमचा भात व्हायचा." आम्ही हसलो होतो. मैदानात भात कसा होईल!

तर त्या भाताची गोष्ट. शहरासाठी ठरलेला प्रदेश सुमारे ३४४ चौरस किलोमीटर, त्यात ९५ गावं, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली. माणसं मुख्यतः आगरी आणि कोळी. आगरी म्हणजे मिठाच्या आगरांवर राबणारे, असाच या नावाचा संबंध सांगतात. खाडीच्या कडेला बांध घालून खारं पाणी अडवायचं, पावसाने जमीन धुऊन निघाली की त्यात भात लावायचा, उन्हाळ्यात मीठ पिकवायचं, भरतीला मासे. बांध फुटला की वर्ष गेलं. उरणच्या लोकलवर खारकोपर नावाचं स्टेशन आहे, त्यातला 'खार' हाच.

ही जमीन त्यांच्या नावावर तरी किती दिवस होती? जुन्या कुलाबा जिल्ह्यात खोत आणि सावकारांची सत्ता. त्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावात, १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप केला. शेतच कसायचं नाही म्हणाले. स्वातंत्र्यानंतर कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७, म्हणजे 'कृषक दिन', त्या दिवसापासून कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. पुढे कज्जे, हप्ते, सातबाऱ्यावर नाव चढायला आणखी काही वर्षं. आणि १९७० ला भूसंपादनाच्या नोटिसा. मैत्रिणीच्या आजोबांचं वय धरून हिशेब केला तर त्यांचा बाप कूळ, ते स्वतः दहा-बारा वर्षं मालक आणि मग प्रकल्पग्रस्त. एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांत एवढं सगळं. नवी मुंबईवरच्या लिखाणात 'पडीक खारजमीन' हे शब्द दिसले की मला आता तो हिशेब आठवतो.

दारावेत शिरलं की रस्ता अरुंद होतो, इमारती एकमेकींना खेटून, वर तारांची जाळी. मध्येच एखादं जुनं कौलारू घर आणि अंगणात तुळस. एका दारावर पाटी दिसली, 'रूम भाड्याने देणे आहे'. मी सहज चौकशी केली. तिथे बसलेल्या काकूंनी आधी मला आपादमस्तक न्याहाळलं, "किती जणी हाव?" म्हणून विचारलं आणि मग भाडं सांगितलं. आमच्या सोसायटीत जे भाडं चालतं त्याच्या निम्म्याहूनही कमी.

इथे मला कांपुंग बारूचं कोडं उलगडलं. नवी मुंबईत स्वस्त खोली सेक्टरमध्ये मिळत नाही, गावात मिळते. मॉलमधला सुरक्षारक्षक, हॉस्पिटलातली परिचारिका, गावाकडून परीक्षेच्या तयारीला आलेली पोरं, महापे-रबाळ्याच्या कारखान्यांतले कामगार, सगळे कुठे ना कुठे गावठाणात राहतात. झालं असं की संपादन करताना गावठाणाची हद्द आखली गेली आणि घरं तेवढ्यातच राहिली. कुटुंबं मात्र वाढली. मुलांची लग्नं झाली, जागा पुरेना, शेती गेलेली, नोकरी प्रत्येकाला मिळाली नाही. मग हद्दीच्या बाहेर, आपल्याच जुन्या जमिनीवर त्यांनी घर बांधलं, त्यावर मजला चढवला आणि खोल्या भाड्याने दिल्या. सरकारी कागदात ते बांधकाम अनधिकृत. गावकऱ्यांच्या भाषेत त्याला म्हणतात 'गरजेपोटी बांधलेलं घर'. ही घरं नियमित करण्याचे निर्णय किती वेळा जाहीर झाले ते मोजायला गेलात तर बोटं पुरणार नाहीत. सगळंच गरजेपोटी होतं असंही मी म्हणणार नाही, बिल्डरांनी गावांच्या आडून उभे केलेले सात-सात मजले मीही पाहिलेत, आणि त्या गल्ल्यांत अग्निशमनाची गाडी शिरणार नाही हे उघड दिसतं. पण ज्या परवडणाऱ्या घरांसाठी हे शहर आखलं, ती घरं शेवटी आराखड्याबाहेरच्या या लोकांनी दिली, हेही तितकंच उघड आहे.

कोरियांना हे कळत नव्हतं असं नाही. म्हणून पुढचा मुक्काम बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. १९८३ ते १९८६ या काळातली ही त्यांची वसाहत, सुमारे ५.४ हेक्टरवर साधारण ५५० घरं. सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती, असे तीन गट मिळून मोठा चौक. भूखंड लहान, ४५ ते ७५ चौरस मीटर, पण प्रत्येक घर सुटं. दोन घरांत भिंत सामायिक नाही, कारण प्रत्येकाला पुढे आपल्या ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावं. म्हणजे बघा, दारावेतल्या माणसाने जे गरजेपोटी केलं ते इथे रीतसर नकाशात होतं! आज तिथे मूळ उतरत्या छपराची घरं कमीच उरलीत. बऱ्याच जागी तीन मजली काँक्रीट, ग्रॅनाइटचा दर्शनी भाग. वास्तुकलेचे विद्यार्थी वही घेऊन येतात आणि हळहळतात. मला तेवढं वाईट वाटलं नाही. चौक अजून आहेत. एका चौकात पापड वाळत होते आणि एक मुलगा तिथून सायकल नेऊ नये म्हणून पहारा देत होता.

तिथून चालत किल्ले गावठाण. बेलापूरचा किल्ला म्हणजे आता एक बुरूज आणि थोडी पडझड. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज सगळे येऊन गेले. चिमाजी अप्पांनी किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलाचा हार वाहीन असा नवस केला आणि म्हणून बेलापूर, अशी कथा सांगतात. १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. बुरूज पनवेलच्या खाडीवर नजर ठेवायला बांधलेला, आता त्याच्यासमोरून पाम बीच रस्त्यावरच्या गाड्या जातात. वीस मिनिटं पुरतात. जवळ दिवाळे गावाच्या बंदरावर होड्या लागल्या होत्या, तिथे मात्र मी तासभर बसले.

दुपारी उरणच्या बाजूची बस धरली आणि जासईला उतरले. पर्यटक इथे येत नाहीत. जानेवारी १९८४. न्हावा-शेवा बंदरासाठी आणि सिडकोसाठी जमिनी घ्यायच्या होत्या, मिळणारा मोबदला शेतकऱ्यांना मान्य नव्हता. नेतृत्व जासईचेच दिनकर बाळू पाटील, सगळ्यांचे दि. बा., शेतकरी कामगार पक्षाचे. १६ आणि १७ जानेवारीला दास्तान फाटा आणि नवघर परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले, चिर्ले, धुतूम आणि पागोटे या गावांचे. दरवर्षी १६ जानेवारीला जासईला माणसं जमतात. मी गेले तेव्हा स्मारकापाशी कुणीच नव्हतं. एक कुत्रं सावलीत झोपलं होतं आणि समोरच्या रस्त्यावरून बंदराच्या कंटेनर गाड्या एकीमागून एक चालल्या होत्या.

त्या लढ्यातून पुढे 'साडेबारा टक्के' आलं. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. आकडा ऐकायला बरा वाटतो, आपण गुंठ्यांत मांडू. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातले तीस टक्के, म्हणजे दीड गुंठा, सार्वजनिक सोयींसाठी कापायचा. हातात साडेतीन. तरी देशभर भूसंपादनाच्या चर्चेत या योजनेचा दाखला देतात, कारण त्या आधी विस्थापिताला शहराच्या वाढत्या भावात वाटाच नव्हता. पण योजना आली नव्वदच्या दशकात आणि जमिनी गेल्या होत्या सत्तरच्या. मधल्या काळात अनेकांनी भूखंड मिळण्याआधी नुसता हक्कच विकून टाकला. आणि ज्याच्या नावावर सातबारा नव्हता, जो दुसऱ्याच्या मिठागरावर मजुरी करायचा, त्याच्या साडेबारा टक्क्यांचा हिशेब कशावर करणार?

परतताना उलव्याकडून विमानतळ दिसतो. त्यासाठी दहा गावं हलली, उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, नाताळच्या दिवशी पहिली विमानं उडाली. त्याला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून जून २०२१ मध्ये हजारो माणसं बेलापुरात सिडकोवर धडकली होती, तेव्हा आमच्या बिल्डिंगमधले लोक ट्रॅफिकला वैतागले होते. मीही त्यांत होते. २०२२ मध्ये विधिमंडळाने तसा ठराव केला.

दिवसाचा खर्च सांगायचा राहिला, कारण बजेट प्रवास म्हटल्यावर तुम्ही विचारणारच. लोकल, बस, दोन चहा, एक वडापाव आणि दिवाळ्याजवळच्या खानावळीत भाकरी, कोळंबीचं कालवण मिळून चारशेच्या आत. सुकट मुद्दाम मागून घेतली.

संध्याकाळी पुन्हा सीवूड्स-दारावेला उतरले आणि त्या मैत्रिणीला फोन केला. पंचवीस वर्षांनी. ती हसली, म्हणाली, "आजोबा गेले गं केव्हाच. पण ये घरी. भात कुठपर्यंत होता ते बाबा दाखवतील तुला."

पुढच्या रविवारी जाते आहे, रेकॉर्डर घेऊन. तोवर तुम्ही एक करा. तुमच्या सेक्टरच्या जागी कुठलं गाव होतं ते घरातल्या किंवा शेजारच्या जुन्या माणसाला विचारा, आणि मला कळवा.